तीनशे पन्नास बरण्यांचं वेळापत्रक

जुमाकादिर ओस्मोनोव यांनी बायकोच्या बरण्या भरण्याला पहिल्यांदा घड्याळ लावलं तेव्हा त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे बिश्केकमधल्या त्या पाचमजली इमारतीच्या अंगणात जे झालं, त्याबद्दल लोक अजून वेगवेगळं सांगतात आणि सांगणारा बदलला की दोषी माणूसही बदलतो.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. हिवाळ्यासाठी टोमॅटो बरण्यांत घालून ठेवायचे दिवस. घराघरांतून वाफा निघत होत्या, जिन्यात व्हिनेगर आणि लसणाचा वास कोंदला होता, आणि ऊल्कान स्वयंपाकघरात बाह्या सरसावून उभी होती. जुमाकादिर दारात स्टुलावर बसले होते. हातात घड्याळ, मांडीवर वही.

"अकरा मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले.

"काय अकरा मिनिटं?" ऊल्काननं मागे न बघता विचारलं.

"एक बरणी भरायला लागतात तुला. त्यातली साडेतीन मिनिटं तू खिडकीतून तळमजल्यावरच्या कालीपाबरोबर बोललीस."

"मग ती धरू नका."

"धरावी लागतात. कामाचा वेळ म्हणजे हात चालू असतानाचा वेळ नव्हे. कामाचा वेळ म्हणजे—"

"अहो, बत्तीस वर्षं माझ्या हातचं जेवताय. एक घास किती वेळ चघळता ते बघायला मी कधी घड्याळ घेऊन उभी राहिले का?"

दोन मिनिटांत जुमाकादिर वही-घड्याळासकट अंगणातल्या बाकावर होते. पण शास्त्राचं काम करणाऱ्याला असे अपमान गिळावेच लागतात. ते आयुष्यभर शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात नियोजन विभागाचे प्रमुख होते. कोणतं काम कोणत्या यंत्रावर, कधी, कोणाच्या नंतर, हे ठरवणं त्यांचं काम. त्यांची वेळापत्रकं देखणी असत. तिरंगी शाईत काढलेली, भिंतभर. फक्त वेळापत्रक तयार व्हायचं तेव्हा लोखंड यायचं नाही, लोखंड यायचं तेव्हा रंग संपलेला असायचा, आणि रंग यायचा तेव्हा रंगारी लग्नाला गेलेला असायचा. तीस वर्षांत त्यांचं एकही वेळापत्रक ठरल्याप्रमाणे पार पडलं नाही. दोष वेळापत्रकाचा नव्हता. दोष जगाचा होता. आता ते संध्याकाळी तंत्रनिकेतनात तोच विषय शिकवत, आणि जगाचा दोष पुढच्या पिढीला समजावून सांगत.

बाकावर बसून त्यांनी हिशेब मांडला. इमारतीच्या त्यांच्या बाजूला बरण्या भरणारी पाच घरं. पाचही घरं वेगवेगळे टोमॅटो आणतात, वेगवेगळं पाणी उकळतात, आणि शेवटी सगळी एकाच दारात रांग लावतात. ते दार तिसऱ्या मजल्यावरच्या झिनाइदा पाव्लोव्नाचं. बरणीवर पत्र्याचं झाकण फिरवून आवळायचं हत्यार, ज्याला सगळे चावी म्हणतात, तिच्याकडे होतं. चाव्या तशा बाजारातही मिळतात, पण त्यांनी आवळलेली झाकणं नाताळच्या आधीच फुगतात. झिनाइदा पाव्लोव्नाची चावी तिच्या लग्नातली होती आणि तिनं आवळलेलं झाकण फुगल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. ती चावी कोणाच्या हातात देत नसे. चावीबरोबर स्वतः यायची, दहा झाकणं आवळायची आणि चहा प्यायची.

"अडतंय ते इथे!" जुमाकादिर बाकावरून उठलेच. सगळं काम एका अरुंद जागेपाशी येऊन तुंबतं, ती जागा ही. ती चावी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक क्षणही रिकामी राहिली नाही, तर पाच घरांचं तीन आठवड्यांचं काम एका दिवसात होईल! एक शनिवार. अंगणात चुलींवर चार कढया, एक चावी, सातशे किलो टोमॅटो, तीन लिटरच्या तीनशे पन्नास बरण्या.

हे त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण संध्याकाळी अंगणात पाचही घरच्या बायका बसल्या होत्या, आणि ते बोलून गेले.

"एका दिवसात?" तळमजल्यावरची कालीपा म्हणाली. कालीपाचा आवाज असा की ती कुजबुजली तरी पाचव्या मजल्यावर कळावं. वडीलधाऱ्या पुरुषाला किर्गिझ लोक 'बायके', म्हणजे दादा, म्हणतात. "बायके, तुम्ही आयुष्यात एक तरी टोमॅटो सोललाय का?"

"सोलण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न क्रमाचा आहे."

"ऐका गं! सोलायचं आपण आणि क्रम यांचा."

सगळ्या हसल्या. ऊल्कानही हसली, आणि हे जुमाकादिर यांना लागलं. पण झिनाइदा पाव्लोव्ना हसली नाही. तिनं गंभीरपणे विचारलं, "म्हणजे या वर्षी जिने चढावे-उतरावे लागणार नाहीत? मी एका जागी खुर्चीवर बसेन?"

"गादी घातलेल्या खुर्चीवर," जुमाकादिर म्हणाले.

"मग मला मान्य आहे," ती म्हणाली. चावीवाली मान्य म्हटल्यावर बाकीच्या काय करणार?

खरी भानगड क्रमावरूनच झाली. नियम साधा आहे. दोन टप्प्यांचं काम असेल, आधी चिरणं आणि मग उकळणं, तर ज्याचं चिरणं पटकन उरकतं त्याचा नंबर आधी. म्हणजे कढया रिकाम्या राहत नाहीत. झिनाइदा पाव्लोव्ना अख्खे टोमॅटो मिठाच्या पाण्यात घालते, नुसते धुवायचे. ती पहिली. कालीपा करते लेचो, म्हणजे ढोबळी मिरची, गाजर, कांदा, सगळं चिरायचं. ती शेवटची.

"शेवटची?" कालीपा उभी राहिली. "सासरी वीस वर्षं मी सगळ्यांच्या शेवटी जेवले. सासू गेली तेव्हा कुठे पहिला घास गरम मिळाला. आणि आता अंगणात पुन्हा शेवटची?"

"अहो, हा मानाचा नंबर नाही, हा गणिताचा—"

"गणित तुमच्या घरचं आहे ना? मग तुमचं घर कितवं?"

जुमाकादिर यांचं घर दुसरं होतं. त्यांनी घाम पुसला.

मग त्यांनी न्यायाचा मार्ग काढला. निर्णय घेण्याची एक पद्धत असते. दोन-दोन गोष्टी समोर ठेवायच्या, यातली कोणती महत्त्वाची ते विचारायचं, आणि उत्तरांवरून वजन काढायचं. त्यांनी पाच कागद आखले आणि घरोघरी वाटले. लवकर नंबर की ताजे टोमॅटो? ताजे टोमॅटो की कमी धूर? ऊल्काननं कागद भाकरी भाजता भाजता भरून दिला.

"हे असं होऊ शकत नाही," जुमाकादिर कागद बघून म्हणाले. "तुला नंबरापेक्षा ताजे टोमॅटो महत्त्वाचे. धुरापेक्षा नंबर महत्त्वाचा. मग ताज्या टोमॅटोंपेक्षा धूर कसा महत्त्वाचा? हे गोल फिरतंय. हे शक्यच नाही."

"तुम्हाला शक्य नसेल," ऊल्कान म्हणाली. "मला आहे."

पाचही कागद गोल फिरत होते. जुमाकादिर यांनी ते नीट टाचून ठेवले आणि क्रम गणितानंच ठरवला. आपलं घर तेवढं चौथ्या नंबरावर टाकलं. त्यागाचं कौतुक कोणीच केलं नाही.

दरम्यान त्यांनी रीतसर अर्ज केला होता. अंगणात विस्तव करायचा तर गृहसमितीचे अध्यक्ष बेगाली यांची परवानगी हवी. दुसऱ्या कोणी जाता जाता तोंडी विचारलं असतं आणि बेगालींनी मान हलवली असती. पण जुमाकादिर यांनी लिहिलं: 'इमारतीच्या आवारात टोमॅटो प्रक्रियेचा तात्पुरता उत्पादन विभाग उभारण्यात येत असून, क्षमता एका पाळीत तीनशे पन्नास नग अशी आहे.' बेगालींनी हे तीनदा वाचलं. उत्पादन विभाग आपल्या अधिकारात बसतो का, याची त्यांना खात्री वाटेना, म्हणून त्यांनी अर्ज वर पाठवला. वरच्यांनी अजून वर पाठवला.

"कशाला वर पाठवलात?" जुमाकादिर यांनी विचारलं.

"बायके, तुम्ही 'बरण्या' लिहिलं असतं तर मी इथल्या इथे फाडून खिशात टाकला असता," बेगाली म्हणाले. "तुम्ही 'नग' लिहिलंत."

शुक्रवारी जुमाकादिर यांनी वेळापत्रक इमारतीच्या दारावर चिकटवलं. दीड हात रुंद, दोन हात उंच, तीन रंगांत. प्रत्येक घराची पट्टी, प्रत्येक कढईची रांग. दारावर आधीचे काही फालतू कागद होते, त्यांच्यावरूनच चिकटवून टाकलं. मग चार पावलं मागे सरकून ते बराच वेळ बघत उभे राहिले. येणारे-जाणारे दार उघडायला खोळंबले तरी हलले नाहीत.

शनिवार उजाडला. वेळापत्रकाप्रमाणे टोमॅटो तीन खेपांत यायचे होते: सातला, अकराला आणि तीनला, म्हणजे माल उन्हात पडून राहणार नाही. सहा वाजता शहराबाहेरच्या दुंगान, म्हणजे चिनी वंशाच्या मुसलमानांच्या, वस्तीतला इस्मार नावाचा शेतकरी ट्रक घेऊन आला आणि सातशेच्या सातशे किलो एका झटक्यात अंगणात उतरवू लागला.

"तीन खेपा ठरल्या होत्या!" जुमाकादिर सपाता घालून धावत खाली आले.

"तीनदा कशाला हेलपाटे घालायचे, बायके? तुमच्याच भल्याचा विचार केला," इस्मार म्हणाला आणि वरून एक कलिंगड भेट देऊन निघूनही गेला. त्या कलिंगडावर रागावता येईना.

पेट्यांवर पेट्या रचलेल्या होत्या. तळच्या पेट्यांतून लाल रस गळून फरशीवर ओघळत होता. तरी साडेसातला कढया चढल्या. पहिल्या नंबराचे टोमॅटो धुतले जात होते, झिनाइदा पाव्लोव्ना गादीच्या खुर्चीवर चावी मांडीवर घेऊन बसली होती, आणि वेळापत्रकाच्या मागे आपण फक्त बावीस मिनिटं आहोत असं जुमाकादिर यांनी जाहीर केलं. नऊपर्यंत हे अंतर चौदा मिनिटांवर आलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी ऊल्कानकडे पाहिलं. ती पण बघत होती.

दहा वाजता पाणी गेलं.

नळीतून एक उचकी आली आणि बस्स. कोणी म्हणालं येईल, कोणी म्हणालं शेजारच्या इमारतीत बघा. तिथेही नव्हतं, अख्खी गल्ली कोरडी.

"काही सूचना नाही, काही नाही!" जुमाकादिर संतापले. "या शहरात नियोजन नावाची चीजच नाही. निदान एक कागद तरी लावायचा दारावर!"

कालीपा इमारतीच्या दारापाशी गेली. तिनं वेळापत्रकाचा खालचा कोपरा नखानं अलगद उचलला. खालून पाणीपुरवठ्याचा कागद डोकावला: शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, वाहिनीची दुरुस्ती.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं जुमाकादिर यांना वाटलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या होत्या.

"मी गुरुवारीच वाचला होता," कालीपा म्हणाली. "माझी आंघोळीची टाकी काठोकाठ भरलेली आहे. बादल्या, पातेली, सूप वाढायचं भांडंसुद्धा. पाणी आहे. सगळ्यांना पुरेल." मग ती थांबली. कमरेवर हात ठेवले. "आता सांगा, बायके. माझा नंबर कितवा?"

"कालीपा, तू म्हणशील तो," जुमाकादिर म्हणाले.

"मी म्हणेन तो नको. मी वर चढले की बाकीच्या चौघी माझ्यावर खार खातील. तुमच्या गणितानं सांगा. या तळच्या पेट्या बघा. चेचलेला टोमॅटो अख्खा कुठल्या बरणीत घालणार? दुपारपर्यंत आंबेल. माझ्या लेचोत चेचलेला चालतो, उलट चांगला. वरचे धडधाकट आहेत, ते संध्याकाळपर्यंत वाट बघतील. आणि लेचोला पाणीही कमी. आता तुमचं गणित काय म्हणतं?"

जुमाकादिर पेट्यांकडे बघत राहिले. तंत्रनिकेतनात दरवर्षी दुसऱ्या सत्रात ते स्वतः शिकवत: जे आधी खराब होणार ते आधी उरका. खडूनं फळ्यावर लिहून देत. आणि इथे रस त्यांच्या सपातांखाली वाहत होता तरी त्यांना दिसला नव्हता, कारण ते वेळापत्रकाकडे बघत होते.

मग ते दारापाशी गेले. खिशातून लाल पेन काढलं. त्या सुंदर, तिरंगी, दोन हात उंच कागदावर त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली.

"ऐका सगळ्या," ते मोठ्यानं म्हणाले. "कालीपाचं बरोबर आहे. माझं चुकलं. लेचो पहिला. चिरायला पाचही घरं एकदम बसा. खालून वर पेट्या घ्या, जी जास्त गळते ती आधी."

तीस वर्षांत कारखान्यात त्यांनी 'माझं चुकलं' असं कधी म्हटलं नव्हतं. कोणी ऐकायलाही नसे. इथे पाच बायकांनी ऐकलं आणि पाचही जणी निमूटपणे सुऱ्या घेऊन बसल्या. कालीपा तर अशी बसली की जणू सिंहासनच.

दुपारी एकच्या सुमाराला, कढया रटरटत असताना, फाटकातून एक बाई आत आली. काळी बॅग, सपाट बूट, नाकावर चष्मा. मागे बेगाली, चेहरा पडलेला.

"सोल्तोबाएवा, निरीक्षक," ती म्हणाली. "इथे टोमॅटोचा कारखाना चालतो म्हणून अर्ज आलाय. जबाबदार कोण?"

बायका एकदम कामात गढल्या. ऊल्काननं मात्र सुरी खाली ठेवली आणि ती नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी," जुमाकादिर म्हणाले.

"प्रक्रियेची कागदपत्रं?"

हा प्रश्न तिनं सवयीनं विचारला होता. तिनं बेकऱ्या तपासल्या होत्या, सॉसेजवाले तपासले होते, आणि या प्रश्नावर माणसं एकतर खिसे चाचपतात किंवा चहा मागवतात, हे तिला ठाऊक होतं. जुमाकादिर वर गेले आणि अकरा पानं घेऊन आले. पानांना क्रमांक, तक्त्यांना शीर्षक, शेवटी सही.

सोल्तोबाएवा पेटीवर बसली आणि वाचू लागली. आधी उभ्या उभ्या चाळणार होती, ते राहून गेलं. दोन पानांनंतर तिनं चष्मा पुसला. जुमाकादिर यांचे अहवाल संचालकांनी पहिलं पान बघून कपाटात ठेवले होते, विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरते वाचले होते. ही बाई चौथं पान वाचत होती.

"हे काय?" तिनं बोट ठेवलं. "झाकण आवळणं आधी आणि मीठ घालणं नंतर?"

जुमाकादिर यांनी वाकून पाहिलं. खरंच तसं होतं. मागून कालीपाचं हसू ऐकू आलं, आणि मग सगळ्यांचंच, आणि शेवटी त्यांचंही.

"बाकी चोख आहे," सोल्तोबाएवा म्हणाली. "एकोणीस वर्षं हे काम करतेय, पण मागितल्यावर असं सगळं तयार काढून देणारा माणूस पहिल्यांदा भेटला. फक्त एक सांगा. सहाव्या पानावर चावी दिवसभर चालू राहणार असं लिहिलंय. चावी राहील. मनगट राहणार का?"

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. झिनाइदा पाव्लोव्ना एकशे बेचाळिसाव्या झाकणाशी होती. उजवा हात डाव्या हातानं धरून बसली होती, आणि ओठ घट्ट मिटले होते. सकाळपासून तिनं एकदाही चहा मागितला नव्हता. चावी रिकामी राहू नये असं कोणीतरी सांगितलं होतं ना.

"झिनाइदा पाव्लोव्ना!" जुमाकादिर चटकन तिच्यासमोर उकिडवे बसले. "सांगायचं नाही का?"

"तुमच्या कागदावर माझा चहा नव्हता," ती म्हणाली.

त्यांनी स्वतः चहा आणून दिला. मग म्हणाले, "मला शिकवा."

"चावी मी कोणाला देत नाही."

"देऊ नका. तुम्ही खुर्चीवरच बसा, चावी तुमचीच. मी नुसता हात."

तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांचे पेन धरणारे मऊ हात पाहिले. मग चावी त्यांच्या तळव्यावर ठेवली, पण तिची साखळी स्वतःच्या बोटात अडकवूनच. पहिलं झाकण तिरकं बसलं. दुसऱ्याला बरणीचा गळाच फुटला आणि रस थेट सदऱ्यावर. "खांद्यातून नाही, कोपरातून. घाई कसली आहे तुम्हाला, बस पकडायचीय?" ती ओरडत होती. नवव्या झाकणाला ती ओरडली नाही. तिसाव्याला तिनं साखळीतून बोट सोडवलं आणि चहाचा दुसरा पेला मागितला.

सोल्तोबाएवानं कागदावर लिहिलं: 'घरगुती वापर. विक्रीसाठी नाही.' शिक्का मारला. मग जाता जाता कढईतला लेचो चाखला, पुन्हा चाखला, आणि कालीपानं एक बरणी गरम गरम तिच्या बॅगेत कोंबली.

दुपार उतरली. जुमाकादिर यांची पाठ मोडली होती, तळव्यांना फोड आले होते, घड्याळ कुठे पडलं ते आठवत नव्हतं. ज्या अरुंद जागेवर त्यांनी तीस वर्षं दुरून बोट ठेवलं होतं, त्या जागेवर आता ते स्वतः उभे होते, आणि त्यांच्यापुढे बरण्यांची रांग लागली होती. ऊल्कान बरणी आणून ठेवी, ते झाकण आवळत, ती उलटी करून, सावकाश निवावी म्हणून रजईखाली नेऊन ठेवी. दोघांचा हात असा बसला की बोलावंही लागेना. सहाला नळाला पाणी आलं तेव्हा कोणाचं लक्षही गेलं नाही. पावणेसातला शेवटचं झाकण आवळलं गेलं.

तीनशे एकतीस. अठरा बरण्यांचे टोमॅटो तळाला चेचून आणि जेवणात गेले होते, एक बरणी फुटली होती. पाच घरांतल्या झाडून सगळ्या रजया, गोधड्या, जुने कोट अंगणात बरण्यांवर पांघरलेले होते. झिनाइदा पाव्लोव्ना त्या ढिगाऱ्यांमधून हळूहळू फिरली, इथे एक झाकण, तिथे एक झाकण असं बोटानं वाजवून पाहिलं, आणि म्हणाली, "ठीक आहे." तिच्या तोंडून एवढं निघालं की इमारतीत ते पदक समजतात. कालीपानं कलिंगड कापलं आणि पहिली फोड जुमाकादिर यांच्या पुढे धरली.

"घ्या, बायके. आज तुम्ही एकही टोमॅटो नाही सोललात. पण बाकी सगळं केलंत."

रविवारी सकाळी ते दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधून चहा पीत बसले होते. पेला दोन्ही हातांनी, लहान मुलासारखा धरावा लागत होता. पलीकडच्या खोलीत ऊल्कान नारीन गावी राहणाऱ्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"एका दिवसात, सांगते काय! नाही, नाही, माणसं लावली नाहीत. आमच्या यांनी सगळं बसवलं. हो, यांनीच. सरकारी बाई खास बघायला आली होती. अकरा पानं वाचली तिनं, अकरा! म्हणाली असा माणूस बघितला नाही. किती? पाचशे. पाचशे बरण्या, आणि एक फुटली नाही."

जुमाकादिर यांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. मग ते मिटलं, पेला ओठांना लावला, आणि दाराकडे कान देऊन पुढचं ऐकत राहिले.